धुराड्यावरचे तीन ठोके

या सदरात दर महिन्याला मुंज्या, हडळ आणि चकवा यांच्या हकिगती छापून येतात. मी त्या वाचतो आणि हसतो — खोटं कशाला बोलू? माझा सगळा जन्म इंजिनाच्या धुरात गेला. वाफ कुठे तयार होते, कुठून जाते, कुठे अडते, हे मला माहीत. कारण सापडत नाही याचा अर्थ आपण ते नीट शोधलेलं नाही, हे मी घरात इतक्यांदा म्हटलंय की हल्ली बायकोच ते वाक्य पुरं करते. तरीही आज लिहायला बसलोय... कारण या एका गोष्टीचं कारण मी वीसेक वर्षं शोधतोय.

तेव्हा कल्याणपर्यंत आगगाडी येऊन बराच काळ लोटला होता, पण खाडीकाठच्या गावांना तिचा फारसा उपयोग नव्हता. ठाण्याच्या एका शेठची लहानशी आगबोट कल्याण ते कळवा अशी चालायची. माणसं, भाजी, मिठाची पोती, जे येईल ते. सुकाणूवर पोशा तांडेल, डोंबिवलीजवळच्या मोठागावचा. इंजिनावर धर्माजी मिस्त्री, आणि त्यांच्या हाताखाली मी, दामू.

धर्माजी मिस्त्रींसारखा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. इंजिन बिघडलं की ते आरडाओरड करायचे नाहीत, शिवी तर नाहीच. बोटीभोवती एक फेरी मारायचे, आणि जिथे बिघाड असेल तिथे पान्याने वाजवायचे — ठक-ठक... थोडं थांबून, ठक. बस. पुढचं आपण शोधायचं. तोंडाने सांगितलेलं डोक्यात राहत नाही, हाताने शोधलेलं राहतं, असं त्यांचं म्हणणं. सात वर्षांत तो पाना चुकीच्या जागी वाजलेला मी ऐकला नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि जीवही लागला होता.

त्या माघात मिस्त्रींना ताप आला. ते खडवलीला आपल्या घरी गेले आणि इंजिन पहिल्यांदाच एकट्या माझ्या हाती आलं. मी जरा फुगलोच होतो. आठवड्याभरात पितळ घासलं, धुराडं स्वतः आतून साफ केलं, आता काय बिघडणार आहे!

बोट रात्री मोठागावच्या धक्क्याला असायची. एके दिवशी सकाळी मी भट्टीत लाकडं रचत होतो तेव्हा पोशा छपरावर डोळे मिटून, हात जोडून उभा दिसला. येताना त्याच्या हातात नारळ होता, आता नव्हता. पाण्यात सोडला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्याची लेक सोनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आदल्या दिवसापासून कळा देत होती.

तासाभरात चार बायका सोनीला झोळीत घालून धक्क्यावर घेऊन आल्या. सुईण म्हणाली, "पोर आडवा हाय. माज्या हातचा नाय. ठान्याच्या डाक्टरकरं न्या."

निघालो. आणि निघाल्यापासून इंजिन धूर ओकायला लागलं. वर नाही, उलटा... भट्टीच्या दारातून, आमच्या तोंडावर. वाफ चढेना. मुंब्र्याचं वळण कसंबसं पार केलं आणि भर दुपारी बोट थांबली. पोशाने नांगर टाकला, नाहीतर ओहोटीने आम्हाला थेट गाळावर नेऊन बसवलं असतं. आसपास दुसरी होडी नव्हती.

मी कामाला लागलो. कोळसा ओला असेल म्हणून बदलला. जाळीखालची राख ओढून काढली. नळ्यांत ब्रश घातला. पाणी बघितलं, झडपा बघितल्या. धूर तसाच! डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते सगळं धुराचं नव्हतं. छपराखाली सोनी आधी ओरडत होती, मग नुसती कण्हायला लागली. ते कण्हणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

पोशा वाकून म्हणाला, "दामूदादा, पानी उतराया लागला. आता नाय निगालो तं चिखलान रुतू. मंग रातचे भरतीबिगर सुटाची नाय बोट. तवर माजी पोर..." तो परत नांगराच्या दोराशी जाऊन बसला, पाठ माझ्याकडे करून.

मी जाळीखाली डोकं घालून पडलो होतो. काय करावं ते कळत नव्हतं. मिस्त्री असते तर, एवढंच मनात येत होतं. आणि तेव्हा ऐकू आलं...

ठक-ठक. थोडं थांबून, ठक.

लोखंडावर पाना. वरून. मला वाटलं पोशाच काहीतरी ठोकतोय. डोकं बाहेर काढून बघितलं तर तो जागेवरच होता. बायका सोनीला धरून बसलेल्या. पुन्हा वाजलं. धुराड्याच्या बुडाशी, जिथे बिजागरी असते तिथे. कळव्याच्या पुलाखालून जाताना धुराडं आडवं पाडता यावं म्हणून ती बिजागरी होती.

आता हसाल. धूर उलटा येतोय तर धुराडं आधी बघायला नको? बघायला हवं होतं. पण वर धुराची बारीक रेघ दिसत होती, आणि ते मी स्वतः साफ केलेलं... गर्वाने माणूस आंधळा होतो, दुसरं काय!

हाताला ओलं गोणपाट गुंडाळलं, खिळा काढला, धुराडं आडवं पाडलं. बुडाच्या अरुंद गळ्यात काळा गोळा घट्ट बसला होता. पहारेने चार दणके घातले तेव्हा कुठे हलला. सांडशीत धरून वर काढला.

नारळ होता. जळून कोळसा झालेला.

दर्याला नारळ देतात तसा पोशाने तो सकाळी इंजिनाला दिला होता. वरून, धुराड्याच्या तोंडात. लेक सुखरूप सुटावी म्हणून!

"काय गावला?" पोशाने तिकडूनच विचारलं.

"काजळीचा गोळा," मी म्हणालो आणि नारळ हळूच पाण्यात सोडला. कोणी बघितलं नाही, हे शपथेवर सांगतो.

धुराडं उभं केल्याबरोबर आग धडधडून पेटली. गाळ उघडा पडायच्या आत आम्ही निघालो. ठाण्याला डॉक्टरांनी दोन्ही जीव वाचवले. मुलगी झाली. पोशा तिला बघून लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, "मशिनान माजा नारल घेतला, दामूदादा." मी मान डोलावली.

दोन दिवसांनी बैलगाडी करून खडवलीला गेलो. मिस्त्रींचा ताप उतरला होता. त्यांच्या बायकोने, काकूंनी, दारातच मला सांगितलं, "परवा दुपारी फार घाबरवलं रे यांनी. तापात पळी घेऊन तांब्यावर वाजवत बसले. ठक-ठक, मग थांबून ठक. पळी काढून घेतली तर खाटेवर बोटांनी सुरू!"

मी मनात कारणं जुळवली. तापात माणूस रोजची सवय गिरवतो. मी ऐकले ते ठोके तापलेल्या लोखंडाचे असतील. दोन्ही एकाच दुपारी, हा योगायोग. इथवर माझी कारणं पुरली.

आत जाऊन मिस्त्रींना एवढंच म्हणालो की धुराडं तुंबलं होतं, साफ केलं. कशाने तुंबलं ते बोललो नाही. काकू पाणी आणायला उठल्या तसा त्यांनी माझा हात धरला.

"पाण्यात टाकलास ते बरं केलंस दामू. पोशाला कधी कळू देऊ नकोस."

मी कळू दिलं नाही. गेल्या वर्षी पोशा गेला, म्हणून आज लिहितोय. मिस्त्री त्याच्याही आधी गेले. ते असताना मी त्यांना निदान दहा वेळा विचारलं, मिस्त्री, तुम्हाला कसं कळलं? दर वेळी ते नुसतं हसायचे, बोट पुढे करायचे आणि माझ्या कपाळावर वाजवायचे... ठक-ठक. थोडं थांबून, ठक.