फिशटँकमधल्या रोपांसाठी दिवा

आदिलाबादच्या दुकानदाराने माझ्या छोट्या फिशटँकसाठी निळा दिवा दिला. त्यात मासे झकास दिसत, पण रोपं बारीक आणि पिवळी होऊ लागली.

"काऊन जीव काढून राह्यली? प्लास्टिकची लाव अन् मोकळी हो," नवरा म्हणाला.

मला जिवंत रोपंच हवी होती. माहेरी भीमपूरला बांधावरच्या लिंबाच्या सावलीत कपाशी अशीच वाढायची. उंची भरपूर, पण पानं लांब लांब अंतरावर. मी टँकमधली पानं नीट पाहिली. तीच गत होती. म्हणजे रोपांना उजेड पुरत नव्हता.

निळा दिवा काढून मी भर दुपारच्या उन्हासारखा पांढरा एलईडी लावला. उत्साहाने दिवसभर चालू ठेवला, तर काचेवर शेवाळ चढलं. मग टायमर बसवून दिव्याची वेळ निम्म्यावर आणली. शेवाळ थांबलं आणि नवी पानं जवळजवळ, हिरवीगार फुटली. कुणाला न विचारता जमवलं, याचा मला भारी अभिमान वाटतो.

परवा नवरा टँकसमोर वाकून म्हणाला, "एवढं रान माजवलं, मासे दिसूनच नाई राह्यले!"

"मंग रोपं पाहा ना," मी म्हटलं.