हेमचंद्र सरांचा ऑगस्ट

दुबईतल्या एका भारतीय शाळेत हेमचंद्र परुळेकर अठरा वर्षं इतिहास शिकवत होते. त्यांतली अकरा वर्षं एक तास त्यांच्या नावावर जमा होता. शाळेत सगळे त्याला 'पाकिटाचा तास' म्हणत.

नववीला दुसऱ्या महायुद्धाचं प्रकरण लागलं की सर दोन बाकं जोडून टेबल करत. एका बाजूला जर्मनी बसे, दुसऱ्या बाजूला रशिया. परवापर्यंत एकमेकांचं नाव निघालं तरी थुंकणारे हे दोन देश ऑगस्ट १९३९ मध्ये मॉस्कोत समोरासमोर बसले आणि एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार करून मोकळे झाले. पाहुण्याच्या स्वागताचे जर्मन झेंडे म्हणे एका फिल्म स्टुडिओतून आणावे लागले, तिथे ते जर्मनांविरुद्धच्या चित्रपटांसाठी ठेवलेले होते. मुलं इथे हसत. मग सह्या, हस्तांदोलन, टाळ्या. पहिल्या बाकावरचा पोलंडही टाळ्या वाजवायचा. त्यानंतर सर टेबलावरचं लाल लाखेनं बंद केलेलं पाकीट उघडायला लावत. आत कराराची गुप्त पुरवणी असे: पोलंड वाटून घ्यायचा. सर खडू घेऊन दारापासून रेघ ओढत येत, ती थेट पोलंडच्या दोन पायांच्या मधून जाई. वर्ग गपगार होई. "नवव्या दिवशी युद्ध सुरू झालं," एवढं एकच वाक्य सर बोलत.

सरकारी तपासणीला येणारे अधिकारी इतिहासाचा एकच तास बघत, आणि अकरा वर्षं तो हाच असे. यंदा तसं होईलच असं नव्हतं. यंदा इतिहासाला नव्या केया मॅडमही होत्या.

केया एकोणतीस वर्षांची, शारजात वाढलेली. मराठी बोलताना अडखळायची, मग हसायची, आणि तिचं अडखळणंही लोकांना आवडायचं. हेमचंद्रांनी हे सगळं बारकाईनं टिपलं होतं. मधल्या सुट्टीत तिच्या टेबलाशी किती मुलं उभी असतात, हेही ते मोजत. त्यांच्या स्वतःच्या टेबलाशी मुलं वही तपासून घ्यायलाच येत.

त्यातून एक काटा वेगळाच होता. शाळेचा नियम असा की शिक्षकाचं मूल त्याच्या स्वतःच्या वर्गात ठेवायचं नाही. त्यामुळे त्यांची मुलगी ओवी नववी 'सी'त, केयाच्या हाताखाली. ज्या वर्षाची त्यांनी वाट पाहिली होती, त्याच वर्षी.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या घरी जेवायला बसलं की ओवी सुरू व्हायची. "केया मिस सेज हिस्टरी इज गॉसिप विथ डेट्स."

"उथळ वाक्य आहे," सर म्हणायचे.

"इट्स फनी, बाबा."

"तुझे बाबा चौदा वर्षांचे असते ना, तर तेही तिच्याच वर्गात बसले असते," मृणालिनी आमटी वाढत म्हणाली. बायको दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात एचआरला होती, माणसांची दुखरी जागा तिला बरोबर सापडायची.

तपासणीला पंधरा दिवस उरले, तेव्हा सुपरवायझर नूरुद्दीन यांनी दोघांना बोलावलं. "देखिए, नववी के दो सेक्शन, दो टीचर, और चॅप्टर एकच. आपस में तय कर लो. झगडा नहीं चाहिए, हबीबी."

स्टाफरूममध्ये करक चहाचे दोन कप मधे ठेवून तह झाला. हेमचंद्रांनी आपली अट आधीच ठरवून आणली होती.

"ऑगस्ट एकोणचाळीस माझा. तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

"ओके सर, तुमचा. मी तसं पण नव्हते करणार."

"ईमेलवर लिहून द्या. नूरुद्दीन सरांना सीसी करून."

केया हसली. "सर, सीरियसली?" पण तिनं तिथल्या तिथे लिहून दिलं. बदल्यात तिनं क्विझ क्लब मागितला. हेमचंद्रांना तो पाच वर्षं नकोसाच होता, तरी त्यांनी जरा विचार केल्यासारखं दाखवून दिला.

तिला न सांगितलेलं एक कलमही होतं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये नूरुद्दीनना गाठून ते म्हणाले, "इन्स्पेक्टर को चौथे पिरियड में मेरे पास भेजना. सिर्फ मेरे पास." नूरुद्दीन म्हणाले, "इन्शाल्ला." इतकी वर्षं गुप्त पुरवणी शिकवणाऱ्या माणसाला यात काही ओळखीचं वाटलं नाही. उलट त्या दिवशी ते गाडीत शीळ घालत घरी आले.

तपासणीच्या दिवशी चौथ्या तासाला टेबल मांडलं होतं, लाख चकाकत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तपासनीस बाईंचा पत्ता नाही. सर दाराशी जाऊन डोकावले.

कॉरिडॉरमध्ये नववी 'सी'च्या बंद दाराबाहेर एक खुर्ची होती आणि खुर्चीवर ओवी. छातीला कागदाचा बिल्ला लावलेला. तिच्यासमोर तपासनीस बाई वही घेऊन चक्क उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी नूरुद्दीन घड्याळ बघत उभे.

"आय ॲम चेकोस्लोव्हाकिया," ओवी सांगत होती. "म्युनिक, सप्टेंबर नाइन्टीन थर्टी-एट. आत चार देश बसलेत अँड दे आर डिसायडिंग माय बॉर्डर. मला आत अलाउड नाही. खलास झालं की सांगतील."

"किती वेळ झाला?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"ट्वेन्टी मिनिट्स. आतून हसण्याचे आवाज येतात. दॅट्स द वर्स्ट पार्ट."

बाई भराभर लिहीत होत्या.

हेमचंद्र दारातच थिजले. करारात ऑगस्ट १९३९ होता. सप्टेंबर १९३८ नव्हता. त्यांनीच तारीख घातली होती, अचूक, इतिहासाच्या मास्तराला शोभेल अशी. युद्धाच्या अकरा महिने आधीचा तह त्यांनी मोकळा सोडला होता, आणि केया त्यात चालत गेली होती. त्यातही हा प्रसंग तिला कुठून मिळाला ते त्यांना तत्क्षणी कळलं. चेक प्रतिनिधींना हॉटेलात बसवून ठेवलं होतं ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही. ती त्यांनी ओवीला दोन वर्षांपूर्वी रास अल खैमाला जाताना गाडीत सांगितली होती. वर्गात कधीच नाही. पाकीट असताना तिची गरज पडली नव्हती.

बाई आत आल्या तेव्हा तासाचा अर्धा वेळ गेला होता. सरांनी 'यल्ला, चला' म्हणून सुरुवात केली. झेंडे, सह्या, हस्तांदोलन सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पोलंड झाला होता तनिष. त्यानं टाळ्या वाजवल्या. पाकीट फुटलं. सरांनी खडू उचलला आणि दाराकडे वळले, तेवढ्यात तनिषनं जमिनीवरची पाण्याची बाटली उचलून बाकावर ठेवली, दप्तर बाजूला ओढलं आणि पाय फाकवून रेघेला जागा करून दिली.

बाईंनी ते पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"यस मॅम. माझ्या दीदीनं केलं होतं, सृष्टीनं. सगळ्यांना माहीत असतं," तनिष सहज म्हणाला. मागच्या बाकांवरून हसू आलं. "पण सगळे दरवर्षी सरप्राइज्ड झाल्यासारखं करतात. सरांना आवडतं."

सरांनी रेघ पुरी केली. ती वाकडी आली.

अहवालात शाळेच्या इतिहास विभागाचं कौतुक एका वाक्यात होतं आणि त्या वाक्यात 'बंद दाराबाहेरची खुर्ची' होती. पाकिटाचा उल्लेख नव्हता. केया स्टाफरूममध्ये सरळ त्यांच्याकडे आली. "सर, आयडिया तुमचीच. ओवी म्हणाली. मी अहवाल-मीटिंगमध्ये तसं सांगितलं पण." हेमचंद्र म्हणाले, "छान." तिनं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. निदान तिचा राग धरता आला असता.

घरी जाताना गाडीत ओवीनं दप्तर मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आर यू मॅड?"

"ती गोष्ट मी तुला सांगितली होती."

"सो? गोष्टच होती ना. सीक्रेट आहे असं नव्हतं सांगितलं."

सिग्नलला ते तिच्याकडे बघत म्हणाले, "खुर्चीत बसून कसं वाटलं?"

ओवीनं विचार केला. "हॉरिबल. मी उठून दार उघडणार होते. मिसनी सांगितलं होतं, उघडलंस तरी चालेल, बघू काय होतं." ती खिडकीबाहेर बघू लागली. "पण चेक लोकांनी नव्हतं उघडलं ना, बाबा? मग मी पण नाही."

केयाच्या तासात तिला असं काही वाटलं होतं, जे त्यांच्या तासात अकरा वर्षांत कुणाला वाटलं नव्हतं. पोलंड होणाऱ्या एकाही मुलानं घरी जाताना 'हॉरिबल' म्हटलं नव्हतं. ही गोष्ट हेमचंद्रांना अहवालापेक्षा जास्त लागली.

शनिवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलावर कोरे कागद, पाकीट आणि लाखेची कांडी घेऊन बसले. जुनी गुप्त पुरवणी त्यांनी चार तुकडे करून टाकली आणि नवी लिहायला घेतली. पुढच्या वर्षी पाकीट उघडेपर्यंत जर्मनी आणि रशियालाही आत काय आहे ते कळणार नव्हतं.

"बाबा, काय लिहिताय?" ओवी मागून वाकली.

त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

"ओह कमॉन. मी कुणाला सांगणार आहे?"

हेमचंद्रांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कागद दुमडला आणि लाख पेटत्या मेणबत्तीवर धरली.