चिचगडला न पोचलेली बादली

मासेघरात कुणी काचेवर टकटक केली की काका खुर्चीवरून उठत, शांतपणे त्या माणसामागे जात आणि एका बोटाने त्याच्या पाठीवर तशीच टकटक करत. माणूस दचकून वळे. "काय आहे?"

"काही नाही. तुमी काऊन ठोकून राहिले, म्हणून मी बी ठोकलं."

तुम्हीही कधी तरी अशी काच ठोकली असेल. मी तर शिक्षक असून ठोकली होती. गोंदियातल्या एका बागेतलं ते आठ टाक्यांचं लहानसं मासेघर. काका तिथले रखवालदार. घरचा धंदा मासेमारीचा. सात टाक्यांत रंगीत परदेशी मासे होते. आठवीत त्यांनी साहेबांशी भांडून आपल्या तलावातले मरळ आणि शिंगी ठेवले होते. लोक त्या टाकीसमोर उभे राहून रश्श्याच्या गोष्टी करत.

"मरळ पिलायची राखण करते गुरुजी," काका मला म्हणत. "ते कोणी पाहात नाही. यायच्या तोंडाले नुसतं पाणी सुटते!"

आमच्या घरीही मुलीची काचेची टाकी होती. एकदा मी विचारलं, मासा सुखी कुठे, आमच्याकडे की इथे?

"दोन्ही जेलच," काका म्हणाले. "तुमी लग्नाले गेले का तुमचा उपाशी. इथं मी रोज येतो. पण इथं लोक फोटो काढतात, भक्कन उजेड पडते. माशाले पापणी नाही, त्यानं डोळे कसे मिटायचे?"

पुढे त्यांनी साहेबांच्या मागे लागून फोटोबंदीची पाटी लावून घेतली. लोक पाटीचाच फोटो काढू लागले.

मुलीच्या टाकीत एक काळा सकर मासा होता. काच चाटून साफ ठेवतो म्हणून दुकानदाराने दिला, तेव्हा बोटाएवढा होता. दोन वर्षांत तो हातभर झाला. त्याला टाकीत वळताही येईना. चिचगडला, आमच्या गावच्या तलावात त्याला सोडायचं मुलीने ठरवलं. मलाही ते पुण्याचं काम वाटलं. बादलीत मासा घेऊन निघालो आणि काकांची शाबासकी मिळावी म्हणून वाटेत मासेघरापाशी थांबलो.

काकांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि ती उचलून सरळ आपल्या खुर्चीमागे ठेवली.

"तलावात नाही जाणार हा."

"काका, मोकळा होईल बिचारा."

"हा मोकळा होयेल, आन आपली मरळ, शिंगी? हा त्यायचा चारा खाईन, पिल्लं वाढवीन, तलावाची पाळ पोखरीन. याच्या काट्यानं जाळं फाटते. आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या घरात कायले टाकता?"

मुलगी रडायला लागली. मी भलताच चिडलो. फुकटात मोठा मासा लाटायचा यांचा डाव दिसतो, असंही मनात आलं. आज ते लिहिताना लाज वाटते. काकांनी सगळ्यात मोठ्या टाकीतले मासे हलवून त्याला जागा करून दिली.

"बाई, हे बी जेलच हाय," ते मुलीला म्हणाले. "पण इथं त्याले आंग वळवता येईन. ऐतवारी भेटाले येत जा."

दहावीचं वर्ष सुरू होईपर्यंत ती दर रविवारी जात राहिली. मग आमचं जाणं सुटलं.

बऱ्याच दिवसांनी एका दुसऱ्या गावी तलावाकाठी माणसं फाटकी जाळी शिवताना दिसली. बाजूला काळ्या काटेरी माशांचा ढीग पडला होता. ना कुणी खात, ना कुणी विकत घेत. माझ्यासारख्याच कुणा दयाळू माणसाने ते सोडले असणार. तिथून थेट मासेघर गाठलं, काकांच्या पाया पडायला. खुर्चीवर नवा माणूस होता. काका महिन्याभरापूर्वी वारले, असं त्याने सांगितलं.

यंदा उन्हाळ्यात चिचगडच्या तलावात जाळं ओढलं, तेव्हा मी काठावर होतो. वाकून एकेक मासा पाहिला. मरळ, शिंगी, बाकीची बारीकसारीक मासळी. काळा काटेरी एकही नाही. काकांच्या आठवणीने डोळे भरून आले.

"काय झालं गुरुजी?" जाळंवाल्याने विचारलं.

"काही नाही. सगळे आपलेच मासे आहेत, म्हणून बरं वाटलं."

"आपल्या तलावात मंग कोणाचे राहतीन?" असं म्हणून तो जाळं गोळा करायला लागला.