गोविंदनं सर्व्हर पाडला नव्हता

उशिरा लिहितोय, माफ करा. गोविंदला जाऊन वर्ष झालं.

पण गोविंदनं सर्व्हर पाडला नव्हता. पाडला आमच्या सरांनी.
आणि मी मदत केली.

मी लातूरच्या त्या कोचिंग क्लासचा शिपाई. शिकलोय सातवी. गोविंद तिथला सर्व्हर सांभाळायचा. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी हार्ट अटॅकनं गेला.

भूकंपात घर पडलं, पत्र्याच्या शेडमध्ये वाढला. म्हणायचा, "काका, शेडवर मास्तर माणसं मोजून भाकरी वाटायचे. सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम तेच करती. ह्याला थोडा CPU, त्याला थोडी मेमरी, मग पुढचा."

"अन् मेमरी संपली तर?"

"तर एखादा प्रोग्रॅम मारती अन् बाकीचे वाचवती."

तो जायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. ऑनलाइन टेस्टच्या आदल्या दिवशी सर गोविंदला म्हणाले, "स्टार बॅचला निम्मी मेमरी राखून ठेव. फ्लेक्सवर फोटो त्यांचेच लागतात."

"अन् उरलेल्या निम्मीत किनवट-कंधारची सगळी पोरं कोंबू? काळीपिवळी हाय का सर ही?"

मी हसलो. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोविंद यायच्या आत सरांनी माझ्याकडं पासवर्डची चिठ्ठी मागितली. अडीनडीला असावी म्हणून त्यानंच ती माझ्याकडं ठेवलेली.

मी दिली. कशाला, विचारलं नाही. सरांनी एका पोराला कीबोर्डवर बसवून निम्मी मेमरी स्टार बॅचला राखून घेतली.

स्टार बॅचची मेमरी अर्धी रिकामीच पडून होती. इकडं बाकीच्यांची संपली.
सिस्टिमनं त्यांचाच पेपर मारला.
लिहिलेली उत्तरंसुद्धा गेली. पोरी हुंदके देऊन रडत होत्या.

लॉगिन गोविंदच्या नावाचं. सरांनी सगळ्यांसमोर त्याला हाकललं, "पोरांचं वाटोळं केलंस!"

मी पाण्याचा जग धरून उभा. नोकरीची भीती. तोंड उघडलं नाही.
त्याला चिठ्ठीचं कळलं होतं. त्यानंही माझं नाव घेतलं नाही.

नंतर एकाही क्लासनं त्याला दारात उभं केलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या आईकडं जाऊन सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमचं एकट्याचं कोण ऐकतंय? गावात अजून म्हणतेत, लेकरांचं नुकसान करून गेला."

त्या दिवशी पेपर देणाऱ्या पोरांनो, आता तुम्ही मोठे झालात. सरांच्या सांगण्यावरून कीबोर्डवर बसणाऱ्या, तूही वाचत असशील.

खरं काय ते इथं खाली दोन ओळींत लिहा. गावच्या पारावर मी वाचून दाखवीन, त्याच्या आईसमोर.

गोविंदा, हात जोडतो बाबा.

तिची तब्येत बरी नाही. लवकर कळवा.