गाडीतल्या वहिनी

वाईच्या घाटावर सकाळपासून एकटाच हिंडत होतो. निवृत्तीनंतर झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घ्यायची आणि दोघांनी जुनी गावं पाहायची, असं आमचं ठरलं होतं. गाडी आली तेव्हा सुमन नव्हती. खिडक्यांचे पडदे मात्र तिने आधीच हौसेने शिवून ठेवले होते, पिवळ्या फुलांचे.

देवीच्या देवळासमोर ओटीचं सामान विकणाऱ्या मावशींना ते पडदे दिसले.

"वहिनी उतरल्या न्हाईत व्हय?"

"गुडघे दुखतात तिचे," मी बोलून गेलो.

"मग हे न्या. सवाष्णीनं देवीच्या दारातनं कुंकवाबिगर जाऊ नये." त्यांनी कागदाची छोटी पुडी माझ्या हातावर ठेवली. सवाष्ण तर ती होतीच, शेवटपर्यंत.

जुन्या गावांचं हे बरं असतं. "सरदार इथूनच नदीवर उतरायचे," असं इथला कुणीही सांगतो, जणू सरदार आत्ताच अंघोळ करून वर गेलेत. गेलेल्या माणसांना इथे कुणी घाईने घालवत नाही. आमच्याकडे तेरावं झालं आणि सुमनचं नाव घेताना सगळ्यांचा आवाज खाली यायला लागला. आता तर कुणी घेतही नाही.

ऊन उतरल्यावर गाडीशी आलो. पडदे ओढलेलेच होते. पुडी सांडू नये म्हणून मूठ घट्ट मिटली आणि दुसऱ्या हाताने दारावर हलकेच टकटक केली.

किल्ली माझ्याच खिशात होती.