लवंगी मिरचीची वडी

गोडाला वठणीवर आणणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच आहे आणि ते माझे सासरे आहेत. हे मी गुरुग्रामच्या ऑफिसात इतक्या वेळा सांगितलं आहे, की तिथली मंडळी आता माझ्या डब्यापासून खुर्ची जरा लांबच ठेवतात. बाबांनी दुधीहलव्यात हिरवी मिरची वाटून घातली, गुळाच्या पोळीच्या सारणात सुकी मिरची कुटून घातली, आणि एका पाडव्याला श्रीखंडात अशी काही मिरची मुरवली की पानावर बसलेलं कुणी तासभर बोललं नाही. पण त्यांची खरी कमाई म्हणजे लवंगी मिरची घातलेली खोबऱ्याची वडी.

केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मभर फायली हलवलेला हा माणूस मयूर विहारच्या आमच्या स्वयंपाकघरातही कुठलंच काम तोंडी करत नाही. प्रत्येक पदार्थाला एक कागद. त्यावर आधी प्रस्ताव, मग चव घेणाऱ्याचा अभिप्राय, खाली सही. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आँटी एकदा म्हणाल्या, "भाईसाब, ये मिठाई है कि सज़ा?" बाबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली 'नोंद घेतली' असा शेरा मारला. भाजीवाला भाजीवर फुकट देतो ती मिरची त्यांना चालत नाही, ती नुसती हिरवी असते म्हणे. बाल्कनीतल्या कुंड्यांत त्यांनी स्वतः लवंगी लावली आहे आणि दिल्लीच्या मे महिन्यात तिच्यावर जुन्या चादरीची सावली धरतात. निदान बिया तरी काढा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, बिया काढल्यावर मिरचीकडे काम काय उरलं?

काम होतं, आणि ते गमतीचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मधुमेह निघाला. सणावारी एखादा तुकडा चालेल, त्यावर नको, असं डॉक्टरांनी बजावलं. आईंचा जीव खोबऱ्याच्या वडीत. बायकोला 'पुरे' म्हणणं बाबांना उभ्या संसारात जमलं नव्हतं, तेव्हा त्यांनी ते मिरचीवर सोपवलं. वडी अशी करायची की एक खाल्ली की हात आपोआप थांबेल. आमचे सगळ्यांचे थांबले. माझा तर अर्ध्या वडीवरच थांबायचा आणि उरलेली अर्धी गुपचूप रुमालात जायची. आई मात्र एक वडी खायच्या, तांब्याभर पाणी प्यायच्या आणि शांतपणे दुसरी उचलायच्या. पुढच्या खेपेला बाबा मिरच्या वाढवायचे. आई तरीही दुसरी उचलायच्या. बाबांना काळजी वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, बायकोचा अभिमानही वाटायचा.

यंदा आईंची साखर पुन्हा वाढलेली निघाली. बाबांनी कागदावर एवढंच लिहिलं, 'प्रस्ताव मागे घेतला.' आईंच्या वाढदिवसाला त्यांनी पहिल्यांदाच साधी वडी केली, वेलदोड्याची, पांढरीशुभ्र. डबा आईंसमोर ठेवला आणि स्वतः पहाऱ्याला बसावं तसे शेजारी बसले. आईंनी डोळे मिटून एक वडी सावकाश खाल्ली. बोटं पुसली. आणि डब्याला झाकण लावलं.

बराच वेळ वाट पाहून बाबांनी विचारलं, "अगं, दुसरी?"

"वडी साधी असती तर मी केव्हाही एकीवर थांबले असते," आई म्हणाल्या. "तुमच्या त्या तिखट वड्या कुणी खायचं नाही. भरलेला डबा बघून तुमचा चेहरा एवढासा व्हायचा. तो बघवायचा नाही मला, म्हणून दुसरी घ्यायचे."

बाबा चष्मा काढून पुसत राहिले. मीच उठून स्वयंपाकघरात गेले, कारण ज्या वडीची तीन वर्षं मी फुशारकी मारत होते, ती मी एकदाही पुरती खाल्ली नव्हती. मला माझी लाज वाटली.

आता बाबा सणाला आईंसाठी एकच साधी वडी वेगळी थापतात, आणि बाकीच्यांसाठी तिखट. त्यातली दुसरी वडी मी घेते. कान पेटतात, नाक वाहतं, आणि बाबा मोठ्या आशेने माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी छान झालीये म्हणते, तेव्हा आई मान खाली घालून हसतात. इतकी वर्षं एकमेकांसाठी मुकाट्याने तोंड भाजून घेणं माझ्या नवऱ्याला आणि मला कधी जमेल का, असं मला त्या वेळी हटकून वाटतं.