यादीतलं शेवटचं नाव

आर्वीत आमच्या लेखक मंडळाचं वाचन दर महिन्याला व्हायचं. यादी मी करायचो. कारंजाहून साठीच्या एक बाई यायच्या. दाराजवळ बसून प्रत्येकाची कविता मान हलवत ऐकायच्या. नवीन म्हणून त्यांचं नाव मी शेवटी टाकायचो, आणि पाळी येण्याआधीच चारच्या एसटीसाठी त्यांना उठावं लागायचं.

तिसऱ्या वेळी त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, आज मले आधी वाचू द्या ना. घरी कोणी आयकत नाई."

मी म्हणालो, "यादी ठरली हाय, ताई. पुढच्या खेपेले नक्की."

त्यांनी वही पिशवीत ठेवली आणि चार वाजेपर्यंत इतरांना ऐकलं.

पुढच्या महिन्यात मी त्यांचं नाव सर्वांत वर लिहिलं. त्या आल्या नाहीत, नंतरही कधी नाही. त्यांनी काय लिहिलं होतं, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.